टेकडीखालचा व्हॉल्व्ह

बायको गेल्यावर घरात दोघंच उरलो. मी आणि माझ्या सासूबाई. मी त्यांना मामी म्हणायचो. लेकीच्या आजारपणात तिचं करायला म्हणून त्या आल्या होत्या. लेक गेली, दहावं-तेरावं झालं, पाव्हणे आपापल्या गावी गेले आणि मामी राहिल्या. राहिल्या म्हणजे त्यांना जायला जागा नव्हती. त्यांचा मुलगा आणि सून कोयत्यावर गेले होते, ऊस तोडायला, खाली कारखान्यांच्या मुलखात. गावच्या घराला कुलूप होतं. विहिरींचा तळ दिसत होता.

आमचं गाव धारूरच्या बाजूचं, बालाघाटाच्या डोंगरकडेला. इथंही वेगळं काही नव्हतं. अर्धं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेलं, उरलेलं टँकरची वाट बघत बसलेलं. मामी सकाळी घागर घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. आणलेल्या पाण्यातलं आधी प्यायचं बाजूला काढायच्या, मग भाकरी थापायच्या. ताट माझ्यापुढं सरकवायच्या. मी जेवायचो. काय जेवलो हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या दिवसांत मी रडलोही नाही. लोकांना ते बरं वाटत नव्हतं. शेजारची एक म्हातारी मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दगुड झालाय." मला त्याचंही काही वाटलं नाही. दगड तर दगड.

मी धंद्यानं फिटर. आमच्या भागात उपसा सिंचनाची एक सहकारी सोसायटी होती. खालच्या तलावातलं पाणी मोटारीनं टेकडीवरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून उतारानं लायनीतून शेतांना सोडायचं, अशी तिची योजना. माझी उमेदीची वर्षं त्या लायनीवर गेली. पुढं तलावात पाणी साठेना, शेतकरी सोसायटीत फिरकेनात, आणि ती बंद पडली. बंद पडली तरी चेअरमन होते, ऑफिसच्या दारावर पाटी होती आणि जमिनीत पाइप होते. मी धारूरच्या बाजारात मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं.

त्या दुष्काळात तलाव पार आटला. पोटातल्या जुन्या ओढ्याच्या खड्ड्यात तेवढं पाणी शिल्लक राहिलं. ते शेतीला द्यायचं नाही, पिण्यालाच ठेवायचं, असा वरून हुकूम आला. मग कुणाला तरी सोसायटीची लाइन आठवली. मोटार दुरुस्त केली, पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवलं. तिथून ते उतरून आमच्या गावच्या टाकीत यायचं होतं. पण टेकडीखालचा मोठा व्हॉल्व्ह उघडेना.

चेअरमनचा माणूस मोटारसायकल घेऊन दारात आला तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो.

"फिटर, चला. वॉल बसलाय."

मी बसूनच राहिलो. आतून मामी म्हणाल्या, "जा की. इथं बसून तरी काय करायलात?"

मी उठलो. तेव्हा मला ऊठ म्हटलं की मी उठायचो, बस म्हटलं की बसायचो. हत्याराची पिशवी घेतली आणि गाडीवर मागं बसलो.

व्हॉल्व्ह एका दगडी चेंबरमध्ये होता, माणूस कमरेएवढा आत उतरेल असं. वरची फरशी काढून ठेवलेली. भोवती माणसं. चेअरमन पांढऱ्या कपड्यात, डोक्यावर टॉवेल घेऊन बाभळीच्या सावलीत उभे होते. पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर आले होते. आणि चेंबरमध्ये दोन गडी व्हॉल्व्हच्या हँडलमध्ये लांबलचक लोखंडी पाइप घालून त्याला लोंबकळत होते.

मी वरून म्हणालो, "सोडा."

"कावून?" एकजण म्हणाला. "आजून थोडं जोर लावला की फिरतंय बघा."

"फिरणार न्हाई. तुटंल."

त्यांनी चेअरमनकडं बघितलं. चेअरमननी इंजिनिअरांकडं बघितलं. इंजिनिअर म्हणाले, "मी सकाळपासून हेच सांगतोय. पाइप काढा." ते तरुण होते, उन्हानं तोंड रापलेलं. काल रात्रभर मोटारीपाशी बसून होते, हे मला मागून कळलं.

गडी वर आले. मी खाली उतरलो. हँडल वाकलं होतं, पण आतली दांडी शाबूत वाटत होती. हा व्हॉल्व्ह साधाच असतो. आत एक गोळा, गोळ्याला आरपार भोक. वरची दांडी पाव फेरा फिरवली की भोक पाइपाच्या रेषेत येतं आणि पाणी चालू होतं. परत फिरवली की भोक आडवं होतं, पाणी बंद. दांडी तुटली तर गोळा आहे तसा बंद राहतो, आणि मग सगळा व्हॉल्व्हच बदलावा लागतो. तसला मोठा व्हॉल्व्ह बाजारात लगेच मिळणारा नव्हता.

मी पान्यानं दांडीला हलकासा जोर दिला आणि हात दांडीवर ठेवून अंदाज घेतला. दांडी किंचित पिळायची आणि परत यायची. म्हणजे वरून मोकळी होती. गोळा धरला गेला होता.

"टाकीचं पाणी चालू हाय ना?" मी विचारलं.

"भरून आहे," इंजिनिअर म्हणाले. "सगळा दाब या गोळ्यावर आलाय."

"मग आधी लाइन रिकामी करू. दाब काढू. मग बघू."

इंजिनिअर मान हलवत होते, पण चेअरमन सावलीतून पुढं आले. "रिकामी म्हणजे? पाणी सोडून द्यायचं?"

"टाकीतलं न्हाई, दादा. टाकीचा निघायचा वॉल बंद करतो. मधल्या लायनीत जेवढं हाय तेवढंच जाईल."

"माणसं बघायलेत की. घोटभर पाणी न्हाई लोकांना, आन् आमी मातीत सोडतोय म्हणतील."

ते खोटं नव्हतं. पाणी आलं म्हणून बातमी गेली होती. गावाकडून बाया घागरी, हंडे, डबडी घेऊन पायवाटेनं येत होत्या. मला काही सुचवायचं होतं असं नाही, पण ते तोंडातून आलं. "मातीत कावून? त्यांच्याच घागरीत सोडू."

मी टेकडी चढून टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आलो. तो चाकाचा होता, कुरकुरत का होईना फिरला. खाली चेंबरच्या अलीकडं लाइन धुवायला ठेवलेलं एक तोंड होतं, त्यावर टोपण. मी टोपण सैल करायला लागलो तसा गलका वाढला. एक गडी चिडून म्हणाला, "ए फिटर, काय करायलास बे? पाणी वाया घालवायलास का?"

इंजिनिअर त्याला समजावत राहिले. मी टोपण फिरवत राहिलो. आधी हवा फुसफुसली, मग तांबडं पाणी उडालं, मग गढूळ, मग बऱ्यापैकी स्वच्छ. बायांनी घागरी लावल्या. ढकलाढकली झाली, एका बाईची घागर सांडली आणि ती तिथंच खाली बसली. मग मामी पुढं आल्या. त्या कधी आल्या ते मी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्या बाईची घागर उचलून धारेखाली धरली आणि मागच्यांना म्हणाल्या, "एकीमागं एक या. समद्यांना मिळंल." त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण ऊसतोडीच्या टोळीत उभा जन्म काढलेल्या बाईचा होता. रांग लागली.

धार बारीक होत होत थांबली. काही घागरी रिकाम्याच परत गेल्या, पण बडबड थांबली होती.

दाब गेल्यावर मी परत चेंबरमध्ये उतरलो. दांडीभोवती पाणी गळू नये म्हणून दोरी भरून वरून आवळलेलं असतं, ते नट थोडे ढिले केले. लाकडी हातोड्यानं व्हॉल्व्हच्या अंगावर गोल फिरून हळूहळू ठोकलं. मग पाना लावून थोडं पुढं, थोडं मागं. पुढं, मागं. असं करायला माणसाला दम लागतो, आणि मला त्या दिवसांत दमाची काही अडचण नव्हती. मला कुठंही जायचं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं. चेअरमन गाडीत जाऊन बसले. इंजिनिअर वरून वाकून बघत होते.

मध्येच गोळा केसभर हलला.

"हलला," इंजिनिअर म्हणाले.

"हलला. पर अडकला." पुढं तो जाईना. आत काहीतरी कडक होतं, फिरताना दगडावर दगड घासल्यासारखं लागत होतं.

"उघडायचा का?" त्यांनी विचारलं.

"उघडावाच लागल."

खालच्या बाजूची लाइन कोरडीच होती, वरची रिकामी केली होती, त्यामुळं दोन्हीकडचे बोल्ट काढून व्हॉल्व्ह बाहेर घेता येणार होता. बोल्ट गंजून पाइपाशी एकजीव झालेले. एकेक मोकळा करत गेलो. शेवटचा सुटताना पाना सटकला. मी परत लावला आणि काम चालू ठेवलं.

"पावनं," मामी वरून म्हणाल्या, "हात बघा."

मी हात बघितला. तळहाताच्या कडेला चांगली लांब चीर पडली होती. पान्यावर, बोल्टवर, माझ्या पँटवर रक्त होतं. दुखत नव्हतं. मी तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत राहिलो. मामी चेंबरच्या काठावर बसल्या, पदराची कड फाडली, माझा हात वर ओढून घेतला आणि बांधला. बांधताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. मीही नाही. पदर जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला. तो माझ्या बायकोच्या लुगड्याचा होता, हे मला तेव्हा कळलं. मामींनी लेकीचीच लुगडी नेसायला काढली होती. त्यांच्याकडं दुसरी नव्हती.

व्हॉल्व्ह चौघांनी मिळून वर काढला. आत बघितलं तर गोळ्यावर पांढऱ्या क्षाराचा जाड थर, सिमेंट ओतल्यासारखा. गोळ्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या कड्यांच्या खोबणीत गाळ आणि बारीक शंख भरलेले. तलावातले शंख. वर्षानुवर्षं बंद अवस्थेत, तेच पाणी आत कोंडून, सगळं घट्ट होऊन बसलेलं.

"छिन्नी?" एका गड्यानं विचारलं.

"न्हाई. गोळ्यावर ओरखडा पडला की मग जन्मभर गळतंय. लिंबूसत आना दुकानातनं. आन् पाणी तापवा."

इंजिनिअरांनी लगेच माणूस पाठवला. लिंबूसत आलं, भाजीत टाकायचं, किराणा दुकानात असतं ते. मामींनी बाजूच्या शेतातल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या गोळा केल्या, तीन दगड मांडले आणि आपल्याच घागरीतलं पाणी पातेल्यात तापत ठेवलं. ते त्यांनी नुकतंच रांगेत उभं राहून भरलेलं होतं. मी म्हणालो, "मामी, प्यायला ठिवा की." त्या म्हणाल्या, "वॉल उघडला तर पितालच."

आम्ही व्हॉल्व्ह घमेल्यात उभा ठेवला आणि गरम पाण्यात लिंबूसत विरघळवून ते त्याच्या तोंडातून आत ओतलं. क्षाराला फेस यायला लागला. आता थांबायचं होतं. माणसं पांगली. इंजिनिअर झाडाखाली आडवे झाले आणि लगेच झोपले. मी आणि मामी घमेल्यापाशी बसलो. मामी मधूनमधून नवं गरम पाणी घालत होत्या.

लेक गेल्यापासून आम्ही दोघं असे समोरासमोर बसलो नव्हतो. घरात कामापुरतं बोलणं व्हायचं. पीठ संपलं, टँकर आला, दार लावून घ्या.

"पोराचा फोन आलता," मामी म्हणाल्या. "शेजारणीच्या फोनवर."

"काय म्हणतोय?"

"ये म्हणतोय इकडं. कोपीवर, झोपडीत बसून लेकरं सांभाळ म्हणतोय. सून आन् तो दोघं उसाच्या फडात जातेत. लेकरांना बघायला कुनी न्हाई."

"तुमी काय म्हणलात?"

"म्हणलं, इचारून सांगते."

"कुणाला इचारून?"

मामींनी पातेल्याखालच्या पऱ्हाट्या आत सारल्या. "तुमालाच की."

जा म्हणावं असं वाटत नव्हतं आणि राहा म्हणावं असंही वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं, हे खरं. मी घमेल्यातला फेस बघत बसलो. शेवटी म्हणालो, "बघा तुमच्या मनानं."

"हां," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "तिला ल्हानपनी फडातच झोळीत टाकायचे मी. उसाच्या पाचटात. रडायची न्हाई. मुंग्या चावल्या तरी रडायची न्हाई. मला वाटायचं, गरीब हाय पोर." मग त्यांनी एक पऱ्हाटी मोडून जाळात टाकली. "दुखत असंल तिला. सांगत नव्हती."

शेवटच्या आजारपणाचं बोलत होत्या की लहानपणाचं, ते मला नीट कळलं नाही. मी विचारलंही नाही. माझ्या बायकोनं मलाही पोटातलं दुखणं फार उशिरा सांगितलं होतं. ते मी मामींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हाईत हाय." आणि पातेलं उचलून उरलेलं पाणी घमेल्यात ओतलं.

क्षार भुसभुशीत झाला. मी लाकडाच्या चपट्या काडीनं तो खरवडला, शंख टोकून काढले, गोळा फडक्यानं पुसला. हातानं दांडी फिरवली तर गोळा सहज फिरला. कडी झिजली होती, पण चालण्यासारखी होती. व्हॉल्व्ह परत बसवला, बोल्ट समोरासमोरचे आवळत नेले, दोरी नवी भरली, वरचे नट लागतील तेवढेच आवळले. टेकडीवरचा व्हॉल्व्ह इंजिनिअर स्वतः जाऊन थोडा थोडा उघडत गेले, म्हणजे पाणी एकदम धडकणार नाही.

मग मी दांडी फिरवली. पाव फेरा. पाइप थरथरला. गावाच्या बाजूला पाणी पळाल्याचा आवाज जमिनीखालून गेला.

गावच्या टाकीत पाणी पडलं तेव्हा चेअरमननी नारळ फोडला. कुणीतरी माझ्या कपाळाला गुलाल लावला. बाया हसत होत्या. ज्या गड्यानं सकाळी पाइप लावला होता त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, "मानलं बे." चेअरमन लोकांना सांगत होते की सोसायटी अजून मेलेली नाही. इंजिनिअरांनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि शेजारी उभे राहिले. मी ते सगळं काचेपलीकडून बघावं तसं बघत होतो. मला वाटायला हवं होतं, हे कळत होतं. वाटत नव्हतं.

दिवस मावळायला घरी आलो. मामी आधीच पोचल्या होत्या. चूल पेटलेली होती आणि दाराशी एक गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. दोन लुगडी, एक वाटी, तंबाखूची पिशवी, एवढंच त्यात असणार. मी पाय धुतले. गाठोड्याला वळसा घालून आत गेलो. मामींनी ताट वाढलं.

अर्धी भाकरी झाल्यावर मी म्हणालो, "खालच्या अंगाला आजून एक वॉल हाय. त्यो बी असाच बसला आसंल."

"मग?"

"पाणी तापवायला मानूस लागतंय."

मामी तवा उतरवत होत्या. तवा उतरवून झाला, चुलीतलं लाकूड मागं ओढून झालं. "गडी लई हायत चेअरमनकडं," त्या म्हणाल्या.

"त्यांना कळत न्हाई."

"पाणी तापवाया काय कळाया लागतंय?"

मी खाली बघून भाकरी मोडत राहिलो. माझा बांधलेला हात ठणकायला लागला होता. चांगलाच ठणकत होता, बोटं मिटता येत नव्हती. मामींनी ते पाहिलं. त्या उठल्या, हळद-तेल गरम करून आणलं, चिंधी सोडली आणि परत बांधली. ह्या वेळी मी "आई गं" म्हणालो.

"दुखतंय का?"

"लई."

"दुखू द्या," मामी म्हणाल्या. मग बाहेर जाऊन त्यांनी गाठोडं आत आणलं आणि कणगीमागं ठेवलं.

त्या पाऊस पडेपर्यंत राहिल्या. लाइन उन्हाळाभर कशीबशी चालली. खालचा व्हॉल्व्ह खरंच बसला होता आणि त्यालाही तसंच करावं लागलं. मामींनीच पाणी तापवलं. मुलगा कोयत्यावरून परत आला तेव्हा त्यांना घ्यायला आला. मी धारूरच्या स्टँडवर सोडायला गेलो. एसटीत चढताना मामींनी दांडा धरला आणि मागं वळून म्हणाल्या, "जेवत जा." मी हो म्हणालो. गाडी गेल्यावर मी स्टँडवरच बाकड्यावर बसलो आणि मला रडू आलं. पाव्हणे, शेजारी, कुणी नव्हतं बघायला. कंडक्टर, फळवाले, शाळेची पोरं तेवढी होती. बराच वेळ बसलो, मग दुकान उघडायला गेलो.

तलाव पुढं एकदा भरला, परत आटला. सोसायटीची पाटीही नंतर कुणी काढून नेली. इंजिनिअरांची बदली झाली. मी दुसरं लग्न केलं नाही. दर दिवाळीनंतर मामींचा मुलगा आणि सून उसाला गेले की त्या माझ्याकडं यायला लागल्या, आणि टोळ्या परतल्या की जायच्या. मग जाईनाशा झाल्या. गुडघे धरले होते, घाट उतरायचा त्रास व्हायचा, असं त्या सांगायच्या.

एका दुपारी शेजारणीनं त्यांना विचारलं, "लेक न्हाई आता. मग जावयाच्यात कावून ऱ्हाता?"

मामी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. "घर हाय ते," त्या म्हणाल्या.

मी आत एक मोटार उघडून बसलो होतो. पाना खाली ठेवला. बाहेर जाऊन ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो आणि मूठभर शेंगा फोडायला घेतल्या.